पाण्याजवळ बोलायचं नाही

आमच्या भाऊजींना बाजारात सगळे तोफ म्हणत. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणं हे त्यांचं काम, आणि डोक्यावर दाट केस होते तेव्हापासून टक्कल पडेपर्यंत त्यांनी तेच केलं. मधे कधीतरी बाजाराच्या कार्यालयाने हौसेने एक कर्णा आणून दिला. भाऊजींनी तो कोबीच्या ढिगावर पालथा घातला आणि वर चहाचा कप ठेवला. त्यांना कर्ण्याची गरज नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरचे दुकानदार त्यांच्या आवाजावर घड्याळ लावत.

पण त्यांची खरी करामत आवाजात नव्हती, थांबण्यात होती. ‘एक वार!’ म्हणत, ‘दोन वार!’ म्हणत, आणि मग गप्प. सगळ्या व्यापाऱ्यांवरून नजर फिरवत असे थांबत, की ज्याला माल नको असेल त्याचाही हात वर जाई. मग ‘तीन!’ यायचं आणि माल उठायचा.

घरातही तोच आवाज. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी मीठ घेऊन येईल असं वाटायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं एकच वाक्य ऐकून ते आमच्या ह्यांना म्हणाले होते, “छोट्या, माल तिखट आहे. जपून उचल.” तेव्हापासून मी त्या घरात मिरची. माझ्या माहेरच्यांना राग आला, मला नाही आला. भाऊजींनी स्वतः लग्न केलं नाही. मागच्या खोलीत राहायचे, दोन्ही वेळा माझ्या हातचं जेवायचे आणि माझ्याशी रोज एकदा तरी कडाक्याचं भांडायचे. त्या भांडणांत माझा जीव रमायचा.

मग ते विसरायला लागले. आधी व्यापाऱ्यांची नावं गेली, मग भाव. एकदा कांद्याचा तोच ढीग त्यांनी दोघांना विकला आणि त्या दोघांची बाजारात मारामारी झाली. कार्यालयाने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं.

घरी आल्यावर ते आमच्या वस्तूंचा लिलाव करायला लागले. खुर्च्या, उशा, माझं शिवणयंत्र. मी घरी लोकांचे कपडे आखूड-लांब करून देते. मी विजार उसवत बसलेली असे आणि भाऊजी उभे राहून तिची बोली पुकारत. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण घराच्या पुढच्या भागात ह्यांचं चष्म्याचं दुकान. मधे फक्त एक पडदा. गिऱ्हाईक खुर्चीत बसून एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतंय, आणि पडद्यामागून एकदम, “चला, बोला, बोला! कुणाचा हात?” गिऱ्हाईक घाबरून झाकलेला डोळा उघडी आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले, मग यायचे थांबले. ह्यांचा चेहरा उतरत चालला होता. हे मुळातच मऊ. भावाला उलटून बोलायची छाती नाही, आणि भावावाचून चैनही नाही.

एक गोष्ट मात्र भाऊजींची शाबूत होती. ‘एक वार, दोन वार’ म्हणा, कुठेही असोत, काहीही करत असोत, ‘तीन!’ म्हणणारच. स्वतःचं नाव सांगता आलं नाही त्या दिवशीसुद्धा हे चुकलं नाही. आमची नजर चुकवून घराबाहेर पडायची त्यांना खोड होती. मग मी कोपऱ्यावर उभी राहून लाज सोडून ओरडायची, “एक वाऽर! दोन वाऽर!” आणि कुठूनतरी, न्हाव्याच्या दुकानातून, उभ्या असलेल्या टेंपोच्या मागून, “तीन!” यायचं. त्या आवाजाच्या मागे जायचं आणि हात धरून घरी आणायचं. आम्ही त्यांना हरवू दिलं नाही ते एवढ्या एका शब्दाच्या जोरावर.

मासेमारी आमच्या घरात शिरली ती एका गिऱ्हाइकामुळे. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेला उंच, किडकिडीत माणूस. मान पुढे काढून तासन्‌तास एका जागी उभा राहायचा, म्हणून त्याला बगळा म्हणत. तळ्यावर मासे धरताना त्याला गळाच्या दोराला बांधलेला तरंगता खुंट नीट दिसेना, म्हणून तो चष्म्याला आला होता. आतून लिलाव चालू झाला तसा तो कान देऊन ऐकत राहिला. ह्यांनी ओशाळून माफी मागितली आणि सहज विचारलं, “तुमच्या त्या तळ्यावर फार शांत असेल, नाही?”

“शांत?” बगळा म्हणाला. “तिथं शिंकायचीसुद्धा चोरी. कार्प म्हणजे काय समजलात? बाकीचे मासे मूर्ख असतात. हा नाही. तुमचं पाऊल जमिनीवर पडलं की त्याला पाण्यात कळतं.”

ह्यांच्या डोक्यात काय आलं ते मला पडद्याच्या अलीकडून दिसलं.

जन्मात गळ हातात न धरलेला माणूस त्या आठवड्यात गळ, रीळ, दोर, घडीच्या दोन खुर्च्या आणि लांब दांड्याचं जाळं घेऊन घरी आला. फेकायचा सराव गल्लीत. पहिल्या दिवशी समोरच्या बाईंची वाळत घातलेली चादर धरली, दुसऱ्या दिवशी स्वतःची टोपी. माझ्या कुकरमध्ये मका शिजायला लागला. साधा शिजवून भागत नाही, शिजवून त्याच पाण्यात आंबट वास येईपर्यंत ठेवायचा. घरभर तो वास. मी बोलले तेव्हा म्हणाले, “अगं, कार्पला आवडतो.” म्हटलं, “मग कार्पशीच लग्न करायचं होतं.”

बगळा दुकानाच्या बाकावर बसून धडे द्यायचा. दाणा गळावर लावायचा नाही, गळाच्या खाली बारीक दोऱ्याला लोंबता ठेवायचा, कारण कार्प आधी दाणा ओढून पाहतो आणि संशय आला तर थुंकतो. दाणा आत गेला की गळ आपोआप मागून जातो. दोर सैल ठेवायचा. गळाच्या काठीला वर छोटी घंटी लावायची, म्हणजे मासा लागला की ती वाजते. पण हे सगळं नंतर. आधी कित्येक दिवस गळ टाकायचाच नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, मूठ मूठ मका फेकायचा आणि परत यायचं.

“कशाला?” ह्यांनी विचारलं.

“सवय लावायला. सवय लागली की तो विचार करत नाही. खाली काही आहे का, बघत नाही. वेळ झाली की येतो आणि तोंड उघडतो.”

हे बोलताना बगळ्याने स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

तळं म्हणजे बंद पडलेल्या वीटभट्टीची मातीची खाण. विटांसाठी माती सरळ उभी कापून नेलेली, त्यात पाणी साठलेलं. त्यामुळे काठाशी उथळ असा भागच नाही. काठ संपला की खोल. लाल, चिकट, ओली माती; दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याहून उंच लव्हाळी. पाणी चहासारखं गढूळ, बोट बुडवलं तर नख दिसत नाही. मी एकदा बघून आले आणि ह्यांना म्हटलं, “ह्या जागेचं लक्षण बरं नाही.” हे म्हणाले, “तुला कुठल्या जागेचं लक्षण बरं वाटतं?”

भाऊजींना तिथे गप्प बसवायचं कसं, हा प्रश्न होता. ह्यांनी तो सोडवला. खुर्चीत बसवलं की गुडघ्यावर दोनदा थापटायचं, पाण्याकडे बोट दाखवायचं, मग ते बोट ओठांवर. “पाण्याजवळ बोलायचं नाही, दादा. मासा पळतो.” भाऊजी थोडा वेळ जरी गप्प राहिले तरी एक बिस्कीट. ह्यांच्या कोटाच्या एका खिशात मका असायचा, दुसऱ्यात बिस्किटं. आधी पाण्यात मूठ, मग भावाच्या हातात बिस्कीट. आणि रिकामे हात चाळा करतात म्हणून भाऊजींच्या हातात ते लांब दांड्याचं जाळं दिलं. “हे तुझं काम, दादा. मासा आला की जाळं लागतं. हे सोडायचं नाही. काही झालं तरी सोडायचं नाही.”

भाऊजींना पुन्हा काम मिळालं होतं. जाताना जाळं खांद्यावर घेऊन असे ताठ निघत की मला भरून यायचं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. घरात शांतता आली. गिऱ्हाइकं परतली. बगळा म्हणायचा, “तुमचे थोरले भाऊ अस्सल कार्पवाले. धाकटे अजून खोकतात.”

मग एक दिवस भाऊजी आमच्या टेबलाचा लिलाव करत करत स्वयंपाकघरात आले. मी मोरीजवळ कपडे भिजवत होते. “एक पाय हलतो, पण माल पक्का! चला, बो…” आणि आवाज कापल्यासारखा बंद झाला. मी वळून पाहिलं. ते बादलीतल्या पाण्याकडे बघत होते. बोट ओठांवर. मी हसले. म्हटलं, “भाऊजी, ह्यात मासे नाहीत, तुमच्या भावाचे सदरे आहेत.” त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि पावलं न वाजवता निघून गेले.

पुढे जेवताना समोर पाण्याचा पेला आला की बोलणं बंद. नळ गळत असला की बंद. खिडकीच्या काचेवर ओल धरली तरी बोट ओठांवर जायचं. मी हे ह्यांच्या कानावर घातलं. मला वाटलं काळजी करतील. ह्यांनी काय करावं? दुकान उघडायच्या वेळी पडद्यामागे, भाऊजींच्या खुर्चीसमोर, एक भरलेली बादली नेऊन ठेवली.

“हे काय?” मी विचारलं.

“काही नाही. दुकानापुरती.”

दुकानाच्या वेळात भाऊजी त्या बादलीसमोर बसून राहायचे. पलीकडे लोक अक्षरं वाचायचे, चष्मे घालून आरशात बघायचे, अलीकडे हा माणूस बादलीकडे टक लावून. मी शिवणयंत्र चालवलं की माझ्याकडे बघून बोट दाखवायचे. काही दिवसांनी बादली उचलल्यावरही ते फारसं बोलेनासे झाले. माझ्याशी भांडणं तर कधीच थांबली होती. घर इतकं शांत की मला माझ्याच कात्रीचा आवाज नकोसा व्हायला लागला.

एका सकाळी मी त्यांचं अंघोळीचं पाणी काढत होते. गिझरचा नळ चालू होता आणि दारावर कुणीतरी कपडे घेऊन आलं, म्हणून मी बाहेर गेले. येऊन बघते तर भाऊजी मोरीत उभे. कढत पाण्याची धार थेट त्यांच्या पायावर पडत होती. पाऊल लालभडक झालं होतं. डोळ्यांतून पाणी गालांवरून खाली वाहत होतं, तोंड वेदनेने वाकडं झालं होतं, आणि बोट ओठांवर. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मी नळ बंद केला, त्यांना ओढलं, पायावर गार पाणी ओतलं. गार पाणी ओतताना तर ते आणखीच गप्प झाले.

त्या दिवशी मी ह्यांना फाडून खाल्लं. बादली उचलून अंगणात रिकामी केली. “माणसाला काय शिकवून ठेवलंत? भाजला तरी ओरडत नाही तो!”

“जरा जास्तच शिकला,” असं म्हणून हे हसायला गेले, पण हसू आलं नाही. खाली बघत म्हणाले, “बादली नाही ठेवणार पुन्हा. चुकलं.”

“आणि तळं?”

“तळं नको म्हणू नकोस. तिथं तो खुशीत असतो, तूच बघतेस. आणि आता कुठे जम बसलाय. बगळ्याने परवा त्या कार्पची पाठ बघितली, दाराच्या फळीएवढा आहे म्हणे. रोज आपल्याच जागी येतोय.”

मी ह्यांना स्वयंपाकघरात नेलं. भाऊजींना मोरीजवळ उभं केलं, नळ सोडला आणि म्हटलं, “एक वार! दोन वार!” भाऊजींनी नळाकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्यांना दुकानात नेलं, जिथे पाण्याचा थेंब नाही. “एक वार! दोन वार!” तर पटकन, “तीन!”

“बघितलंत? ते तळ्यात पडले तर हाक मारणार नाहीत. तुमच्या शेजारी पडतील आणि तुम्हाला कळणार नाही.”

“मी शेजारीच असतो ना.”

“तुम्ही खुंटाकडे बघत असता. ती काठीला लावता तसली एक घंटी त्यांच्या कोटाला लावा.”

“दादा काय शेळी आहे?” हे एकदम चिडले. कधी न चिडणारा माणूस, म्हणून मी विषय सोडला. घंटी काठीलाच राहिली.

त्यानंतर रोज ते दोघे तळ्यावर गेले की माझं कामात लक्ष लागेना. शिवण उसवायची, पुन्हा घालायची. एके दिवशी हवा कोंदट होती, सकाळपासून भुरभुर येऊन गेली होती. दोघे डबा विसरून गेले. विसरले म्हणजे टेबलावर समोरच ठेवलेला. मी यंत्रावरची शिवण तशीच सोडली, डबा उचलला आणि तळ्याच्या वाटेला लागले.

भट्टीची चिमणी ओलांडली तेव्हाच आवाज आला. ओरडण्याचा. मी पावलं भरभर उचलली. मग शब्द कळले. “आला! आला रे आला! बाप रे, काय ओढतोय!” आमचे हे ओरडत होते. ज्यांनी भावाला शिंकू दिलं नाही ते. मी धावतच काठावर पोचले. काठी अर्ध्यात वाकली होती, घंटी सारखी वाजत होती, रीळ कुरकुरत होतं, आणि ह्यांचा चेहरा असा फुलला होता की लग्नातसुद्धा तो तसा नव्हता.

शेजारची खुर्ची रिकामी होती. बिस्कीट खुर्चीवर होतं, न खाल्लेलं.

“भाऊजी कुठायत?”

“इथंच आहे. दादा, जाळं आण! दादा, लवकर, जाळं!” हे पाण्याकडेच बघत होते.

“अहो, भाऊजी कुठायत?”

आता त्यांनी मान वळवली. खुर्चीकडे पाहिलं. आणि तरीसुद्धा हातातली काठी क्षणभर सुटली नाही. त्या क्षणाचा माझा राग अजून गेलेला नाही. मग ती सुटली, पाण्यात ओढली गेली, आणि घंटीचा आवाज लांब लांब जात एकदम बुडाला.

“दादा!” हे लव्हाळ्यात घुसले. “दादा, कुठायस?”

मी डबा टाकला आणि सगळा दम काढून ओरडले, “एक वाऽर! दोन वाऽर!”

पलीकडच्या काठावर बगळा उठून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवून मला आवाज न करण्याची खूण करायला लागला. त्याला वाटलं मासा पळेल. मी पुन्हा ओरडले. “एक वाऽर! दोन वाऽर!” खाणीच्या कापलेल्या भिंतीवर माझाच आवाज आपटून परत आला. ‘तीन’ आलं नाही. लव्हाळ्यात हे धडपडत होते, काटक्या मोडत होत्या, आणि ‘तीन’ काही येत नव्हतं. ज्या एका शब्दावर आम्ही त्यांना गल्लीगल्लीतून शोधून आणलं, तो आम्हीच त्यांच्या तोंडातून काढून घेतला होता.

मग मी खाली बघितलं. माझ्या पायाच्या अगदी खाली, काठाच्या कापलेल्या मातीला लागून भाऊजी होते. हनुवटीपर्यंत पाण्यात. एका हातात मातीतून बाहेर आलेली झाडाची मुळी, दुसऱ्या हातात जाळ्याचा दांडा, सरळ उभा धरलेला. ह्यांनी ‘जाळं’ म्हटलं असेल आणि भाऊजी कामाला निघाले असतील. आम्ही त्यांच्या डोक्यावर उभं राहून ओरडत होतो आणि ते खालून आमच्याकडे बघत होते. ओठ निळे पडले होते. डोळ्यांत भीती होती आणि माझ्यावरचा राग होता. मी आवाज करत होते म्हणून.

“अहो, इथे! इथे आहेत!” मी चिखलात पालथी पडले आणि हात खाली सोडला. “भाऊजी, हात द्या. माझा हात धरा.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एका हातात जाळं होतं, ते सोडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी मुळी सोडली, आणि त्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

तसेच खाली गेले. बोट ओठांवर ठेवून.

पाण्यावर जाळ्याचा दांडा तेवढा उरला. मी तो दोन्ही हातांनी पकडला. तो जड लागला, म्हणजे दुसऱ्या टोकाला अजून पकड होती. माती सुटत होती, मी काठावरून घसरत चालले होते, आणि तेवढ्यात ह्यांनी माझ्या बाजूने पाण्यात उडी टाकली. बगळा लांब ढांगा टाकत तळ्याला वळसा घालून आला आणि त्याने वरून दांडा ओढला. भाऊजी वर आले ते दांड्याबरोबर. त्यांची मूठ उघडायला मला एकेक बोट सोडवावं लागलं.

इस्पितळात त्यांच्या छातीतलं पाणी काढलं. ताप चढत होता, उतरत होता. शुद्ध आली, पण तोंड उघडलं नाही. डॉक्टर पोट दाबून विचारायच्या, “इथं दुखतं का?” भाऊजी त्यांच्याकडे बघायचे आणि बोट ओठांवर न्यायचे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. “घशाला काही झालेलं नाही. पण अशा आजारात गेलेली वाचा बहुतेक परत येत नाही. काय होतंय हे सांगता येत नसेल तर उपचार आम्ही अंदाजानेच करणार. आज छाती आहे, उद्या आणखी काही असेल. मनाची तयारी ठेवा.”

हे खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. खात नव्हते, दुकान उघडत नव्हते. भावाच्या कानाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात म्हणायचे, “एक वार. दोन वार.” आणि थांबायचे. पुन्हा म्हणायचे. इतके दिवस ते थांबणं भाऊजींचं होतं, आता ह्यांच्या वाट्याला आलं होतं. मला ते ऐकवत नव्हतं. रडायलाही येत नव्हतं.

दुपारी मी समोर बसून नुसती बघत होते. सलाइनची बाटली. नळीत पडणारा थेंब. खाटेशेजारच्या कपाटावर पाण्याचा जग. त्याच्याशेजारी पेला. पलीकडच्या रुग्णाच्या खिडकीत फुलांचा फ्लॉवरपॉट, अर्धा पाण्याने भरलेला. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि त्याचा नळ गळत होता.

मी ताडकन उठले. “अहो, उठा. भाऊजींना आपण पाण्यात ठेवलंय.”

जग बाहेर नेला. पेला नेला. फ्लॉवरपॉट उचलला तसा पलीकडचा म्हातारा म्हणाला, “बाई, ती माझ्या मुलीने आणलीत.” म्हटलं, “आणून देते परत.” बेसिनचा नळ घट्ट पिळला आणि वर चादर टाकली. सलाइनच्या बाटलीला टॉवेल गुंडाळला, नळी उशीच्या अभ्र्याखाली लपवली. ह्यांनी खाट ओढून भिंतीकडे वळवली. धाकटी नर्स धावत आली. “हे काय चाललंय काय तुमचं?”

“पाणी काढतेय,” मी म्हटलं. मग ह्यांच्याकडे वळले. “आता म्हणा. कुजबुजू नका. बाजारात म्हणतात तसं म्हणा.”

हे उभे राहिले. ह्यांचा आवाज मुळात किती? पण त्या दिवशी कुठून आणला कोण जाणे. “एक वाऽर!” अख्खा वॉर्ड वळला. “दोन वाऽर!”

भाऊजींनी डोळे उघडले. आधी कपाटाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मान उचलून, जमेल तेवढी वळवून खिडकीकडे पाहिलं. सगळीकडे शोधलं. आणि त्यांनी तोंड उघडलं.

‘तीन’ आलं नाही.

“पडलो रे!” तोफ धडाडली. काचा हादरल्या. “छोट्या! अरे, पडलो मी! पाण्यात पडलोय! हात दे! छोट्या, हात दे! मिरचे, पाय टेकत नाहीत! हात दे रे कुणीतरी!”

ह्यांनी खाटेवर झेप घेऊन त्यांचे दोन्ही हात धरले. “धरलंय, दादा. धरलंय तुला. सोडत नाही.” पण ते थांबले नाहीत. आमच्या पायांखाली गप्प राहून जे जे गिळलं होतं ते सगळं ओरडत होते. कढत पाण्याचंही ओरडले. पाय भाजतोय, नळ बंद करा, म्हणून ओरडले. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. हे भावाच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडत होते.

ती धाकटी नर्स घाबरून बाहेर पळाली आणि तशीच परत आली. शांत करायला म्हणून हातात पाण्याचा पेला घेऊन.

मी दारातच तिचं मनगट धरलं.

“पाणी नको,” म्हटलं. “ओरडू दे त्यांना.”